आत्या आली की दिव्याला पुळ्या

आमच्या घरी जेवायला बसलं की टेबलाच्या मधोमध एक फोन उताणा पडलेला असतो आणि त्यातून अख्खा कारखाना बोलत असतो. फोन आत्याचा. स्पीकर चालू, कारण तिचे दोन्ही हात कामात. एका हातात घास, दुसऱ्या हातात दिवा.

आई रोज म्हणते, "वन्सं, तो दिवा खाली ठेवा आणि चार घास नीट खा."

आत्या रोज म्हणते, "एकच मिनिट वहिनी, याची मान बघतेय." मग घास तसाच हवेत राहतो आणि दिव्याची मान बघून होते.

आत्या आणि आतोबा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात, पण जेवण खाली, आमच्याकडे. त्यामुळे कारखान्यातली सगळी माणसं मला तोंडपाठ आहेत. तोंडं मात्र पाहिलेली नव्हती. ओळख फक्त कानाची. म्हणजे साहेब घ्या. साहेब प्रत्येक वाक्य दोनदा बोलतात, पहिल्यांदा समोरच्याला आणि दुसऱ्यांदा स्वतःला पटावं म्हणून. "मला गोष्ट नको, उपाय सांगा. उपाय सांगा, गोष्ट नको." आवाज असा की डोळ्यांसमोर एक मोठं पोट आणि त्यावर टेकलेला जाड पट्टा उभा राहतो. दुसऱ्या म्हणजे कोटिंग खात्यातल्या बाई. त्यांना सगळे दुर्बीण म्हणतात, कारण काचेवरचा बारीकसा डाग त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. दुर्बीण बोलायला लागल्या की दोन शब्दांच्या मधे आपलं पाणी पिऊन होतं. "मॅडम..." (इथे पाणी) "...काच आली." मी त्यांची नक्कल केली की आजोबांना ठसका लागतो आणि आई मला दटावते. पण दटावताना तिचीही मान भिंतीकडे असते.

आत्याच्या ओळखपत्रावर लिहिलंय, प्रॉडक्ट आणि प्रोसेस इंजिनीअर. याचा अर्थ मला फार उशिरा कळला. मोठ्या कारखान्यात ही दोन माणसं असतात. एकजण ठरवतो की दिवा कसा असावा. दुसरा ठरवतो की तो बनवायचा कसा, आणि नुसता एक नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत अगदी सारखे असे ढीगभर. ही दोन माणसं दोन खुर्च्यांवर बसून दिवसभर भांडतात. आत्याचा कारखाना लहान. दुसऱ्या खुर्चीचा पगार कोण देणार? म्हणून दोन्ही खुर्च्या आत्याच्याच डोक्यात मांडल्यात, आणि भांडण ती मोठ्याने करते. टोमॅटो चिरता चिरता.

प्रॉडक्टवाली आत्या गोड आवाजात, जरा वर बघून: "काच अजून पातळ केली तर? उजेड कसा अलगद उतरेल."

प्रोसेसवाली आत्या, खडू खाल्ल्यासारखी कोरडी: "कर पातळ. आणि मग झाडू घेऊन तूच उभी राहा."

"तुला सौंदर्य म्हणून काही कळतच नाही."

"मला फुटलेली काच कळते."

एकदा आतोबा बाहेरून आले, त्यांनी हे ऐकलं आणि वाटलं कुणी पाहुण्या आल्यात. कोण आलंय ते न बघताच आमच्या गॅसवर तीन कप चहा टाकून मोकळे.

तर आत्याचा जीव ज्या दिव्यात अडकला होता त्याची सुरुवात आजोबांपासून झाली. आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ते हॉस्पिटलात राहिले होते. बाजूच्या खाटेवरच्या माणसाची सलाइन बघायला नर्स आली की मोठा दिवा लागायचा, सगळा वॉर्ड जागा व्हायचा आणि कोपऱ्यातले एक गृहस्थ नर्सच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. घरी आल्यावर आजोबा आत्याला म्हणाले, "अगं पोरी, तू दिवे करतेस ना? मग असा एक कर की तो लागलाय हे ज्याला हवं त्यालाच कळेल."

आजोबांनी हे गमतीत म्हटलं होतं. पण आत्याला दिव्याबद्दल गंमत कळत नाही. तिने दिवा केला. काचेचा गोळा, बाहेरून मधाच्या रंगाचं कोटिंग, वरच्या अंगाला जाड आणि खालच्या अंगाला पातळ. त्यामुळे उजेड सरळ खाली पडतो. चप्पल दिसते, सलाइनची नळी दिसते आणि उशी अंधारातच राहते. पहिला नमुना तिने आणून आजोबांच्या खोलीत लावला, तेव्हा आजोबा त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "हा दिवा शहाणा आहे."

एक दिवा शहाणा निघाला. पुढच्या सगळ्यांनी वेड पांघरलं.

कोटिंग करायची पद्धत अशी: काचेचा गोळा आकड्याला उलटा टांगायचा, तो गरगर फिरतो, फवारा त्याच्यावर रंग उडवतो आणि मग गोळा भट्टीत जातो. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा रंग पक्का झालेला असतो. पण आत्याचे गोळे बाहेर आले ते अंगावर बारीक बारीक गोल खड्डे घेऊन. खड्ड्याच्या कडेला रंग जमलेला आणि मधे उघडी काच. असा दिवा लावला की त्या खड्ड्यांतून उजेड सुईसारखा डोळ्यात टोचायचा.

ही बातमी आमच्या टेबलावर दुर्बिणींनी दिली. "मॅडम... दिव्याला... पुळ्या आल्यात."

सगळं घर हसलं. मी हसले नाही. माझ्या हनुवटीवर त्या आठवड्यात दोन होत्या.

हसणं साहेबांच्या फोनने थांबलं. "पुढच्या शुक्रवारी हॉस्पिटलच्या खरेदीच्या बाई येतायत. त्यांना बिनडागी दिवे दिसले, तर कोटिंगची ती लाइन तुमची. नाही दिसले, तर सोमवारपासून त्या लाइनवर आपला जुना गोल दिवा. आणि हा विषय बंद. बंद हा विषय."

साहेब काही दुष्ट नाहीत. जुना गोल दिवा खपतो, त्याला मागणी आहे आणि आत्यासाठी एक लाइन अडकून पडली होती. पण विषय बंद म्हणजे आत्याचा शहाणा दिवा कायमचा कपाटात. फोन ठेवल्यावर आत्याने पहिल्यांदाच हातातला दिवा खाली ठेवला आणि मुकाट जेवली.

दुसऱ्या दिवसापासून आत्याने शोध सुरू केला. आधी संशय हवेवर. फवाऱ्याला हवा देणाऱ्या पाइपसमोर पांढरा कागद धरला, तेलाचा थेंब उडतोय का बघायला. कागद कोरा. मग संशय रंगाच्या डब्यावर. नवा डबा फोडला, पुळ्या तशाच. मग काच धुवायच्या पाण्यावर. पाणी निर्दोष सुटलं. मग संशय माणसांवर आला आणि तिथून खरी धमाल सुरू झाली. आत्याने फर्मान काढलं की कोटिंग खात्यात शिरणाऱ्याने केसांना तेल लावायचं नाही, हाताला क्रीम नाही, ओठाला काही नाही, अत्तर तर नावालाही नाही. आणि ती स्वतः दाराशी उभी राहून एकेकाला हुंगायला लागली.

"मॅडम, श्वास घेतला तर चालेल ना?" असं पॅकिंगमधला कुणीतरी म्हणाल्याचं मी जेवताना फोनमधून स्वतः ऐकलं.

"घ्या, पण आतल्या बाजूला सोडू नका," आत्या म्हणाली. तिला वाटलं ती उत्तर देतेय. पलीकडे मात्र हशा पिकला.

एवढं करूनही पुळ्या हटेनात. उलट आत्या जितकी जास्त वेळ लाइनवर उभी राहायची तितक्या त्या वाढायच्या. आणि आत्या हल्ली तिथून हलतच नव्हती. फवाऱ्याखाली जाण्याआधी प्रत्येक गोळा स्वतः हातात घ्यायची, उजेडासमोर फिरवून बघायची, मगच आकड्याला लावायची.

"मॅडम..." दुर्बीण एकदा म्हणाल्या, "तुम्ही मीटिंगला गेलात... की बाळ गोरंगोमटं. तुम्ही आलात... की पुळ्या. लाजतं तुम्हाला."

टेबलावर परत हशा. आत्यासुद्धा हसली. दुर्बिणींनी थट्टा केली होती आणि आत्याने ती थट्टाच समजली.

आता आतोबांबद्दल सांगितलंच पाहिजे. आतोबांचं गाड्या धुवायचं दुकान आहे. मळकी वस्तू दिसली की त्यांना अंगाला खाज सुटल्यासारखं होतं. गाडी धुऊन झाली की ते तिच्या आतल्या काळ्या पॅनेलवर कसलीशी फवारणी करतात आणि ते पॅनेल असं चमकतं की बसणाऱ्याने त्यात भांग पाडावा. ही बाटली ते घरीही आणतात. आमच्या फ्रिजचं दार त्यांनीच चमकवलं. एकदा आजोबांच्या काठीला लावलं तेव्हा काठी हातातून सुटली आणि आजोबा कडाडले, "ही काठी आहे की मासा?"

पहिल्या नमुन्यानंतर आत्या ढीगभर दिव्यांच्या मागे लागली, तेव्हापासूनच, म्हणजे पुळ्यांच्याही आधीपासून, तिला मदत काय करावी हे आतोबांना सुचेना. दिव्यातलं त्यांना ओ का ठो कळत नाही. मग त्यांनी आपल्याला जमेल ते केलं. रोज सकाळी ती उठायच्या आधी खाली जाऊन तिची स्कूटर लख्ख करायची, हँडल, सीट, आरसे, आणि मग हेल्मेट. आतून, बाहेरून.

"काम वाढलंय म्हणून काय झालं?" ते म्हणायचे. "माणसाने जाताना तरी चमकत जावं."

आणि आत्या खरंच चमकत जायची. हेल्मेट हातात घेऊन, हेल्मेटमधे आपले हातमोजे ठेवून. ही तिची जुनी सवय. कारखान्यात मिळणारे सुती मोजे मोठ्या हातांचे. आत्याचे हात लहान मुलीसारखे, त्या मोज्यांत तिची बोटं रिकाम्या घरातल्या भाडेकरूसारखी भटकायची. म्हणून तिने स्वतःचे छोटे मोजे आणले होते, एक जोड वापरायला आणि एक कपाटात. त्यांना वाटेत धूळ लागू नये म्हणून ती ते हेल्मेटच्या आत घडी करून ठेवायची.

शुक्रवार जवळ आला. बुधवारी सकाळी स्कूटर रुसली. आतोबांनी किक मारून मारून घाम काढला. स्कूटर चमकत होती, पण चालू होत नव्हती. आत्याला उशीर झाला. मोज्यांसकट हेल्मेट आमच्या दाराजवळच्या खुंटीलाच राहिलं, कपाटातला दुसरा मोज्यांचा जोड पिशवीत कोंबला आणि ती धावत बस पकडायला गेली.

संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा काहीतरी चांगलं घडलंय हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पाठोपाठ फोन वाजला. दुर्बीण होत्या.

"मॅडम... तुम्ही गेल्यावर... परत बघितले सगळे." आम्ही सगळे टेबलावर वाकलो. आजोबांनी तर कानामागे हात धरला. "एक पण... पुळी... नाही."

आतोबांनी टाळी वाजवली, आईने आत्याच्या ताटात दुप्पट वाढलं. साहेबांचाही फोन आला. "अभिनंदन. शुक्रवारी असंच. असंच शुक्रवारी."

सगळं घर खूश. आणि आत्याचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला.

"आता काय झालं?" आई म्हणाली.

"वहिनी, पुळ्या गेल्या कशाने?"

"गेल्या ना! झालं तर."

"कशाने गेल्या ते कळलं नाही, म्हणजे गेल्या नाहीत. बाहेर फिरायला गेल्यात." ही खडू खाल्लेली आत्या बोलत होती. "जो दोष मी बोलावल्यावर यायला हवा आणि हाकलल्यावर जायला हवा, तो तसा करत नसेल तर मला तो कळलेलाच नाही."

आजोबा म्हणाले, "पोरी, सासरी गेलेल्या दुखण्याला परत माहेरी कशाला बोलावतेस?"

आत्या हसली नाही. आज काय वेगळं होतं ते ती बोटांवर आठवायला लागली. रंग तोच, काच तीच, माणसं तीच, हवा तीच. बोटं संपली. आणि तिला नुसतं बसवत नाही, म्हणून ती खुंटीवरच्या हेल्मेटमधले मोजे काढून धुवायला नळाशी गेली.

नळ सुरू झाला, बंद झाला, परत सुरू झाला.

"ए पोपट," ती हळूच म्हणाली. पोपट म्हणजे मी. "इकडे ये. काय दिसतंय?"

"पाणी."

"कुठे आहे? मोज्यात की मोज्यावर?"

मी नीट बघितलं. सुती मोजा, आणि पाणी त्याच्यावरून मोत्यासारखं टपाटप घरंगळत होतं. मोजा कोरडाच. आत्याने पिशवीतला आजचा मोजा आणला आणि नळाखाली धरला. त्याने तहानलेल्यासारखं पाणी गटकन पिऊन टाकलं.

आत्या वळली. "अहो," ती म्हणाली. फार गोड आवाजात. आतोबा ताठ झाले. "हेल्मेटला आतून काय लावता हो?"

आतोबांना वाटलं कौतुक चाललंय. "आतून, बाहेरून, सगळीकडे! तेच आपलं, गाडीच्या पॅनेलला लावतो ते. एकदम उंची माल. सिलिकॉनवालं. का गं, कमी पडतं का?"

आत्या तिथेच स्टुलावर बसली आणि हसत सुटली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मधेच तिने आजोबांना समजावलं की सिलिकॉनचा अगदी पुसटसा हात लागला तरी रंग तिथे टिकत नाही, चहूबाजूंनी मागे सरकतो आणि गोल खड्डा पडतो. म्हणजे तिचं बोट जिथे जिथे टेकलं तिथे तिथे पुळी.

"अख्खा कारखाना हुंगून काढला मी," ती म्हणाली. "आणि चोर माझ्याच हातात."

आतोबांचा चेहरा बघवेना. "म्हणजे तुझा दिवा मी..."

"तुम्ही नाही हो, मी. सगळ्यांचे हात तपासले. स्वतःचे सोडून."

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने साहेबांना सगळं सांगितलं. मग साहेब म्हणाले, "छान. मोजे बदला. विषय संपला. संपला विषय."

"नाही सर. उद्या त्या बाईंसमोर आधी पुळ्या आणून दाखवायच्या. मग घालवून दाखवायच्या."

"पाहुण्यांना जेवायला बोलावून आधी कचऱ्याची बादली दाखवता का तुम्ही? दाखवता का बादली?"

"सर, उद्या हॉस्पिटलात एखाद्या दिव्यावर पुळी दिसली आणि त्यांनी विचारलं कशाने, तर काय सांगायचं? मॅडमची स्कूटर बंद पडली होती त्या दिवशी सगळं ठीक होतं, असं?"

"बरोबर बोलतेय पोरगी," आजोबा मधेच म्हणाले.

"कोण बोललं?"

"वडील आहेत माझे."

"अरे, नमस्कार काका, नमस्कार." साहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे. पण तुमच्या जबाबदारीवर. उद्या काही बिघडलं तर गोल दिवा. गोल दिवा, बिघडलं तर."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. आतोबा हेल्मेट घेऊन साक्षीला निघाले आणि मीही त्यांच्या गाडीत मागे चढले. मला आवाजांची तोंडं बघायची होती.

काय सांगू! साहेब म्हणजे वाऱ्याने उडेल असा हडकुळा माणूस, पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडलेली. तो दणदणीत आवाज त्या अंगात कुठून मावला असेल, देव जाणे. आणि दुर्बीण! मला वाटलं होतं, हळूहळू चालणाऱ्या जाडजूड बाई असतील. या चिमुकल्या, आणि हात असे की दिसतच नाहीत. गोळा उचलला, पुसला, टांगला, संपलं. सगळी घाई हातांनी उचललेली, म्हणून जिभेच्या वाट्याला काही उरलंच नसावं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तू... पोपट ना?"

माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती. मी नजर चुकवली.

खरेदीच्या बाई पूर्वी स्वतः नर्स होत्या. सपाट बूट, कमी बोलणं. आत्याने त्यांना सगळं सांगितलं, हेल्मेटसकट. मग दोन ओळी लावल्या. पहिल्या ओळीतले गोळे तिने स्वच्छ मोजे घालून हाताळले, दुसऱ्या ओळीतले हेल्मेटमधले मोजे घालून. फवारा झाला, भट्टी झाली. पहिली ओळ बाहेर आली, नितळ. साहेबांनी सुस्कारा सोडला.

दुसरी ओळ बाहेर आली. तीही नितळ.

एकही पुळी नाही. आत्याने एक गोळा उचलला, फिरवला, दुसरा उचलला. तिचे कान लाल झाले. कोटिंग खात्यात पहिल्यांदाच चांगल्या मालाकडे सगळे असे सुतकी चेहऱ्याने बघत होते. खरेदीच्या बाईंनी भुवई वर केली. साहेब पुटपुटले, "गोल दिवा." एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे कारण दुसरंच आहे," आत्या स्वतःशीच म्हणाली. "मला कळलंच नाही."

तेवढ्यात मागून आतोबांचा आवाज आला. एरवी भोंग्यासारखा, आता पिंजऱ्यातल्या उंदरासारखा. "अगं... ऐक ना."

"आत्ता नको हो."

"नाही, म्हणजे... काल जेवल्यावर मी ते हेल्मेट स्पिरिटने पुसून काढलं. आतून, बाहेरून. आणि ते मोजे टाकून दिले. तसलेच नवे आणून ठेवलेत. एवढ्या बाईंसमोर तू ते घाणेरडे मोजे घालणार, मला कसंतरीच वाटलं."

मग दुर्बिणींनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलायला लागले, तेवढे मात्र भराभर.

आत्याने डोळे मिटले आणि उघडले. "बाटली कुठे आहे?"

"गाडीत. कायम असते."

"मोजे घ्या आणि फवारा. इथे नाही! बाहेर! गेटच्याही बाहेर!"

बुटांवरच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या फडफडवत आतोबा धावले. आम्ही खिडकीतून बघत होतो. लांब फाटकापलीकडे ते जीव तोडून मोज्यांवर फवारत होते, आणि पहारेकरी दोन पावलं मागे सरकून उभा होता. बाटली त्याच्याकडे सोपवून, हात दोनदा साबणाने धुऊन आतोबा परत आले. मोजे एका चिमट्यात, मेलेल्या पालीसारखे लांब धरलेले.

आत्याने मोजे चढवले. तिसरी ओळ. फवारा. भट्टी. भट्टीच्या तोंडाशी आम्ही असे वाकलो होतो की जणू आतून बाळ बाहेर येणार आहे.

"आल्या!" सगळ्यांत आधी साहेब ओरडले. "आल्या पुळ्या! पुळ्या आल्या!"

प्रत्येक गोळ्यावर. मालात दोष निघाला म्हणून टाळ्या वाजवणारा साहेब मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

खरेदीच्या बाईंनी गार झालेला एक गोळा उचलला. आपली बोटं एकेका पुळीवर ठेवून बघितली. "हा तुमचा अंगठा," त्या आत्याला म्हणाल्या, "आणि ही करंगळी." मग म्हणाल्या, "दिवे विकायला येणारे सगळे मला चांगलाच दिवा दाखवतात. बिघडतो कसा असं विचारलं की घड्याळात बघतात." आणि त्यांनी चांगला दिवा मागितला, खिडक्यांचे पडदे ओढायला लावले आणि बूट काढून त्या सरळ पॅकिंगच्या टेबलावर आडव्या झाल्या. हात पोटावर, अगदी रोग्यासारख्या. साहेबांनी घाईने खालचे खोके बाजूला केले.

वर दिवा लागला. बाई थोडा वेळ तशाच पडून राहिल्या. डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या.

"बूट दिसतायत," त्या म्हणाल्या. "डोळ्यात येत नाही." अजून जरा वेळाने, "आमच्या वेळेला कुठे होता हा?"

उठून त्यांनी सांगितलं, आधी एका वॉर्डापुरते पाठवा, आवडले तर पुढचं बोलू. आणि पुळ्यांचा एक दिवा नमुना म्हणून वेगळा मागून घेतला.

"लाइन तुमची," साहेब आत्याला म्हणाले. "तुमची लाइन."

सोमवारी त्या लाइनवर शहाणे दिवे सुरू झाले. कोटिंग खात्याच्या दारावरच्या सूचनेत एक ओळ वाढली: इंजिनीअरनेही हात दाखवूनच आत यावे. ती दुर्बिणींनी लावून घेतली. रोज सकाळी त्या आत्याचे मोजे नळाखाली धरतात आणि मगच म्हणतात, "या... मॅडम." ज्या साहेबांना गोष्ट नको असायची, ते आता कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला हीच गोष्ट सांगतात. दर वेळी ती जरा लांबते. परवा फोनमधून ऐकलं, त्यात स्कूटरचा ट्रक झाला होता.

आतोबांना आत्याच्या कुठल्याही वस्तूला बाटली लावायची बंदी आहे. धुळकट स्कूटर बघून ते इतके झुरायला लागले की शेवटी आत्याने रविवारपुरती मागच्या चाकाची परवानगी दिली.

तिसऱ्या ओळीतला एक दिवा आजोबांनी मागून घेतला. आईने विचारलं, चांगला सोडून हा कशाला? आजोबांनी बटण दाबलं आणि भिंतीकडे बोट केलं. मधाच्या उजेडात पाच बारीक ठिपके. "हा बघ अंगठा," ते म्हणाले. "लहानपणी ही पिठात हात बुडवून भिंतीवर पंजे उठवायची, तेव्हा मी ओरडायचो."

काल जेवताना आत्याच्या हातात परत एक दिवा होता.

"याला जर मान वळवता आली तर?" वर बघत, गोड आवाजात. "हवा तिकडे उजेड."

"वळव," खडूचा आवाज आला. "आणि आतली तार तुटली की तूच जोडत बस."

"तू आधी ऐकून तर घे."

"तू आधी मान मोडून तर दाखव."

जिन्यावरून आतोबांचे बूट वाजले, आणि पाठोपाठ त्यांचा भोंगा: "पाहुण्या आल्यात का गं? चहा टाकू?"